बंडगर घराण्याची किटली

मी भांड्यांवर नावं घालतो. सोलापुरात मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एका पायरीवर माझं दुकान. दुकान कसलं, एक स्टूल, एक मशीन आणि एक चष्मा. माझं स्वतःचं नाव चनबसप्पा, पण ते कुणाला ठाऊक नाही. सगळे म्हणतात, "ओ नाववाले!" आधी छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब करत नाव घालायचो, आता विजेचं मशीन आहे. घर्रर्र केलं की झालं. चाळीस वर्षांत अर्ध्या सोलापूरची ताटंवाट्या माझ्या मांडीवरून गेल्यात.

या धंद्यात माणूस लवकर कळतो. तो स्वतःला काय समजतो ते त्याच्या हंड्यावर लिहिलेलं असतं. बापूसाहेब बंडगरांचंच घ्या. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक भांड्यांवरून माहीत आहे, आणि भांडी खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला लावतात ती माणसं.

चौऱ्याऐंशी साली एक किडकिडीत पोरगा माझ्याकडं जेवणाचा डबा घेऊन आला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागला होता. म्हणाला, "बापू बिरू बंडगर, मंद्रूप, असं घाला." घातलं. मंद्रूप त्याचं गाव. पोरगा उभा राहून एकेक अक्षर बघत होता. डबा छातीशी धरून गेला. मला आवडला बुवा.

दोन वर्षांनी लग्न ठरलं. विजयमाला नावाची मुलगी, बारावी शिकलेली. हा परत आला, या वेळी तांब्याचा हंडा घेऊन. "बापू बि. बंडगर" असं घालायला सांगितलं. मी म्हटलं, "बिरू पूर्ण घालू की." तर म्हणतो, "नको, जागा कमी आहे." अहो, हंडा होता तो! त्यावर अख्खं पंचांग मावलं असतं. पण गिऱ्हाईक सांगेल ते घालायचं, हा आपला धंदा. घातलं.

बढती मिळाली तेव्हा "श्री. बी. बी. बंडगर" झाले. मंद्रूप गेलं, बापूही गेला. विजापूर रोडला घर बांधलं तेव्हा पाहुण्यांना वाटायला दीडशे स्टीलचे डबे आणले, त्यावर "बंडगर परिवार, गृहप्रवेश". निवृत्तीला फुलपात्रं वाटली, त्यावर "श्री. बापूसाहेब बंडगर, सेवापूर्ती". हे 'साहेब' कुणी दिलं म्हणाल, तर कुणी नाही. स्वतःच घेतलं. मी विचारलं, "वडिलांचं नाव राहिलं की हो." तर हसून म्हणाले, "आता नुसतं बापूसाहेब म्हटलं तरी लोक ओळखतात." लोक म्हणजे कोण, तर कॉलनीतला दूधवाला आणि समोरच्या घरातलं कुत्रं.

म्हणजे बघा, बिरू पूर्ण होता, त्याचा बि. झाला, मग बी. झाला, मग तोही गेला. आणि हे सगळं माझ्या हातानं. मी विचारायचो, पण अडून कधी बसलो नाही. आज राग येतो तो त्याचा येतो.

बिरू म्हणजे यांचे वडील. मेंढरं राखायचे. मेंढरं राखण्यात काय वाईट आहे हो? पण बापूसाहेबांना ते शेपटासारखं वाटायचं, कुठंही बसले तरी आधी खाली दाबून बसायचे. कॉलनीत सांगायचे, "आम्ही मूळचे इनामदार." कसलं इनाम, कुणी दिलं, कधी दिलं, विचारलं की खोकला यायचा.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या माघात यांच्या आई, अंबुबाई, मंद्रूपहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं आल्या. वय ऐंशीच्या पुढं. येताना पिशवीत दोन लुगडी, एक घोंगडीचा तुकडा आणि त्या तुकड्यात गुंडाळलेली एक चिनी मातीची किटली. ही किटली त्या उशाला घेऊन झोपतात. लेकाला आजवर तिची लाज वाटायची, म्हणून म्हातारी ती झाकून ठेवायची. पण यांची मुलगी प्रियंका पुण्याला नोकरीला असते. ती आजीला बघायला आली, तिनं किटलीचा मोबाईलवर फोटो काढला आणि कुठल्या तरी जाणकार बाईंना पाठवला. बाईंचा उलट फोन आला. किटली विलायतेची, हातानं रंगवलेली, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची. अशी चांगल्या अवस्थेत फार कमी राहिलीय. तिला काही करू नका, घासू नका, धुऊसुद्धा नका.

झालं! बापूसाहेबांच्या अंगात संचार झाला. कालपर्यंत जी अडगळ होती ती रातोरात घराण्याचा ठेवा झाली. त्यात कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं 'आमच्या घरचा वारसा' म्हणून प्रदर्शन भरवलेलं. पुण्याच्या त्याच बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. इनामदारकी सिद्ध करायची अशी संधी परत कुठली मिळायला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अकराला रिक्षा माझ्या पायरीशी थांबली. आधी बापूसाहेब उतरले. पांढरा सदरा, जाकीट, खिशाला पेन. मागून अंबुबाई, डोळ्याला हिरवा चष्मा, छातीशी घोंगडीचं गाठोडं. किटली त्या कुणाच्या हातात देत नव्हत्या, म्हणून त्यांनाही आणावं लागलं होतं.

गाठोडं सोडलं. खरंच देखणी वस्तू हो. सायीच्या रंगाची, गोल पोटाची, अंगावर गुलाबी फुलं आणि हिरवी पानं. एका अंगाची फुलं अजून ठसठशीत. दुसऱ्या अंगाची मात्र घासून पार पुसलेली, नुसती सावली उरलेली. तोटीच्या टोकाला एक टवका उडालेला.

बापूसाहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. "हे घालायचं. कानाच्या खाली, नीट दिसेल असं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: श्रीमंत वीरधवलराव बंडगर इनामदार यांस गोऱ्या साहेबांकडून सप्रेम भेट, सन १९२१.

मी चष्मा पुसून परत वाचलं. "वीरधवलराव कोण?"

"आमचे आजोबा," ते हळू आवाजात म्हणाले आणि आईकडं बघून घेतलं. "साहेब त्यांच्याकडं चहाला यायचा."

"आणि साहेबानं मराठीत नाव घातलं?"

"मराठी शिकला होता तो."

"त्या बाई धुऊ पण नका म्हणाल्यात, असं तुम्हीच आत्ता रिक्षातून उतरताना फोनवर बोलत होता की."

"धुऊ नका म्हणाल्या, नाव घालू नका असं कुठं म्हणाल्या?" बापूसाहेब वैतागले. "ओ नाववाले, नावाशिवाय भांडं कुणाचं हे लोकांना कसं कळणार? उद्या कुणीही म्हणेल आमचं आहे. मशीन नका लावू, हातानं घाला. जुनं दिसलं पाहिजे."

तर हे असं. जगात कुठंही जुनी मौल्यवान वस्तू सापडली की माणसं काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्याकडं तिच्यावर नाव घालून आणतात. मी तरी कुणाला हसू, माझं पोट त्यावरच चालतं.

"आई इथं बसेल. चारला येतो," म्हणून बापूसाहेब हार, शाल, उपम्याची ऑर्डर बघायला गेले. पाय उचलताना मला म्हणाले, "कार्यक्रमाला या. बघा तरी."

अंबुबाई पायरीवर बसल्या. मी काच कापायची हिरकणी शोधत होतो, चिनी मातीवर तीच चालते. म्हातारीनं विचारलं, "आप्पा, नाव नीट घालशील न्हवं? ह्येंच्या हातची वस्तू हाय. लई दिसांनी पोराला सुचलं बापाचं नाव घालावं."

म्हातारीला वाचता येत नाही. तिला वाटत होतं, लेक बापाचं नाव घालून घेतोय. त्याच आशेवर तिनं उशाची किटली बाहेर काढली होती.

मी विषय टाळत विचारलं, "अव्वा, ही तुमच्याकडं आली कुठनं?"

मग तिनं सांगितलं. साठ सालच्या आधीची गोष्ट. सोलापुरात मिलच्या एका गोऱ्या इंजिनिअरची विधवा बंगल्यात एकटी राहायची. तिला पोटाचं दुखणं, गाईचं दूध पचायचं नाही. अंबुबाईचे मालक तिला मंद्रूपहून शेळीचं दूध आणून द्यायचे. ऊन असो, थंडी असो, पाच वर्षं खाडा नाही. बाई कायमची विलायतेला निघाली तेव्हा म्हणाली, घरातलं काय पाहिजे ते घेऊन जा. खुर्ची घे, घड्याळ घे, आरसा घे.

"तर ह्ये म्हनलं, खुर्ची नगं, घड्याळ नगं. त्ये तोटीचं भांडं द्या." म्हातारी पदरात हसायला लागली. "आई मेलेली कोकरं असत्यात की. त्यास्नी पाजायला. तोटीला चिंदी बांदायची, दूद घालायचं, की कोकरू चुटूचुटू पितंय. तीस वरसं पाजली कोकरं. ही फुलं पुसलीत न्हवं, ह्या अंगाला त्यांचा हात बसायचा."

ती पुसलेल्या अंगावरून बोट फिरवत होती. आणि माझ्या हातात ती चिठ्ठी होती. वीरधवलराव!

मला चीड आली. बापूसाहेबांची आली आणि माझी जास्त आली. चाळीस वर्षं गिऱ्हाईक सांगेल तसं या बिरूला एकेक अक्षरानं मी खरवडून काढलं होतं. आता त्याच्याच किटलीवर दुसऱ्याचं नाव? मी म्हटलं, "अव्वा, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"वाच की."

मी वाचलं. सगळं. म्हातारीनं विचारलं, "ह्यो कोन?"

"तुमचा सासरा म्हणे."

"माजा सासरा लोकांची मेंढरं राकत मेला," ती म्हणाली. "त्येचं नाव येडू."

समोरच्या दुकानात कुणीतरी पातेली रचत होतं, तो खणखणाट तेवढा चालू होता. म्हातारीनं हिरवा चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, परत घातला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलेलं.

"त्ये नगं घालूस," ती म्हणाली. "ह्येंचं घाल."

"काय नाव घालू? तुम्ही सांगा."

मला बिरू ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं, का कोण जाणे. ती रस्त्याकडं बघायला लागली. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलेलं नाही. रेशनकार्डाला शेजारीण सांगायची, मतदानाला लेक सांगायचा. आणि आता लेक सांगत नव्हता. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. पोरानं बापाचं नाव घ्यायचं नाही, ही बापूसाहेबांनी काढलेली नवीन.

"सांगा की अव्वा. चार वाजायच्या आत संपवायचंय."

ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

"बिरू!" म्हातारी एकदम ओरडली. "बिरू बंडगर! मंद्रूपचा!"

समोरच्या दुकानदाराच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. म्हातारीनं तोंडाला पदर लावला आणि नव्या नवरीसारखी लाजून हसायला लागली. ऐंशी वर्षांची बाई! मला हसू आवरेना.

तीन तास लागले. मशीनला हात लावला नाही. एकेक टिंब श्वास धरून घातलं, एक टिंब चुकलं असतं तर चिरच गेली असती. 'बिरू बंडगर, मंद्रूप.' एवढं सुबक नाव मी आमदाराच्या आहेराच्या समईवरही घातलेलं नाही. पुसलेल्या फुलांच्या जागेवरच घातलं. म्हातारीनं बोटांनी चाचपून बघितलं आणि किटली परत घोंगडीत बांधली.

चारला बापूसाहेब आले. "बघू," म्हणाले.

"तितं बग की," अंबुबाई म्हणाल्या. "उगं उन्हात कशाला सोडतुयास."

लेकाला घाई होती, तो रिक्षात बसला. मी पण दुकान बंद केलं आणि मागोमाग निघालो. असा तमाशा कोण सोडतो?

मंडळाच्या हॉलमध्ये लाल कापडाची टेबलं मांडलेली. कुणी पितळी अडकित्ता आणला होता, कुणी ग्रामोफोन, एका निवृत्त मास्तरांनी तर वडिलांची कवळी आणली होती, त्यापुढं झेंडूचं फूल. प्रत्येक वस्तूपुढं एक कार्ड. बंडगरांचं कार्ड सगळ्यांत मोठं, कडेला सोनेरी नक्षी. त्यावर वीरधवलराव होते, इनाम होतं, चहाला येणारा साहेब होता. फक्त किटली नव्हती. ती म्हातारीच्या मांडीवर होती.

अध्यक्षांनी माईकवर पुकारलं, "आता बंडगर इनामदार घराण्याचा अमूल्य ठेवा!" टाळ्या वाजल्या. बापूसाहेबांनी जाकीट खाली ओढलं. अंबुबाई स्वतः चालत टेबलापाशी गेल्या, घोंगडी सोडली आणि किटली पुण्याच्या बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती दोन्ही हातांत धरून फिरवली आणि एकदम किंचाळल्या, "अहो, हे काय केलंत? हे खरवडलं कुणी? फोटोत तर नव्हतं हे!"

मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकलो. बाईंनी किटली उजेडात धरून वाचलं, माईक समोरच होता. "बिरू बंडगर, मंद्रूप." मग कार्ड वाचलं. परत किटली वाचली. "पण इथं तर वीरधवलराव लिहिलंय. हे बिरू कोण?"

हॉलमधली सगळी डोकी बापूसाहेबांकडं वळली. खरं सांगतो, त्या क्षणाला मला वाटलं, आता हा माणूस सांगेल. एवढी चांगली संधी होती. आई शेजारी उभी, हॉल भरलेला, चार शब्दांचं काम.

बापूसाहेबांनी घाम पुसला. "ते... ते आमच्याकडं गडी होते," म्हणाले. "मेंढरं राखायला."

अंबुबाईंनी लेकाकडं बघितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. माईककडं तोंड करून म्हणाली, "व्हय, गडीच हुता. लई राबला त्यो गडी. ह्यो पोरगा पंदरा दिसांचा हुता तवा मी तापानं पडल्याली, अंगावर दूद न्हवतं. त्या गड्यानं ह्याच भांड्यात शेळीचं दूद घालून, तोटीला चिंदी बांदून ह्येला पाजलं. एका मांडीवर कोकरू, एका मांडीवर ह्यो. कोकरू दोन म्हयन्यात सुटलं, ह्यो दीड वरीस सुटंना."

कुणीतरी फिसकन हसलं. पुण्याच्या बाईंनी तोटीच्या टोकावर बोट ठेवलं. आता त्यांचा आवाज उतरला होता. "आणि हा टवका?"

"ह्येनंच आपटलं. दूद संपलं म्हनून. बानं मारलं न्हाय त्येला, म्हनला, भांडं काय, परत मिळंल."

उपम्याचा वास हॉलभर सुटला होता आणि कुणी हलत नव्हतं. बापूसाहेब कवळीच्या टेबलाला धरून उभे होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं. बाईंनी सोनेरी नक्षीचं कार्ड उचललं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"कार्ड बदलावं लागेल," त्या बापूसाहेबांना म्हणाल्या. "काय लिहू? कुणाची किटली?"

बापूसाहेबांनी ओठ उघडले, मिटले. आईकडं बघितलं, किटलीकडं बघितलं. मग एकदाचा आवाज निघाला, "बी..." आणि तिथंच अडकले.

"पुरं म्हन," अंबुबाई म्हणाल्या. "लोकास्नी ऐकू जाऊ दे."